मधमाशीसारखी दिसणारी माशी : शालेय बागेतील एक निरीक्षणपाठ

हिवाळ्यात शाळेच्या बागेतील कोथिंबीर फुलावर आली, मोहरी पिवळी झाली, की त्यांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे कीटक घोंगावू लागतात. “गुरुजी, मधमाशी!” असे ओरडून मुले मागे सरतात, एखादा धीट मुलगा चप्पल काढून कीटकास चिरडतो. पुष्कळदा तो कीटक मधमाशी नसतोच. ती नांगी नसलेली सिर्फिड माशी असते. तिच्या अनेक जातींच्या अळ्या पिकावरील मावा खातात. एकेक अळी आपल्या वाढीच्या काळात शेकडो मावा फस्त करते. अशा माशीला मारणे म्हणजे बागेचा राखणदारच मारणे होय.

या साम्याचे कारण मुलांना सोप्या शब्दांत सांगता येते. मधमाशीचा डंख एकदा अनुभवलेला पक्षी पुढे तशा रंगरूपाच्या कीटकास टाळतो. ज्या माश्या योगायोगाने मधमाशीसारख्या दिसत, त्या अधिक वाचल्या आणि त्यांची प्रजा वाढली. असे पिढ्यान्‌पिढ्या होत साम्य वाढत गेले. माशी जाणूनबुजून सोंग घेत नाही, हे येथे आवर्जून सांगावे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांच्या अभ्यासावरून हेन्री बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने हा विचार 1862 मध्ये मांडला.

युरोपातील बागांत या अनुकरणाचा एक उत्कृष्ट नमुना आढळतो. तेथे बंबलबी नावाची गुबगुबीत, केसाळ मधमाशी असते. ‘वोलुसेला बॉम्बिलान्स’ या सिर्फिड माशीच्या अंगावरही तसेच दाट केस असतात. शिवाय या एकाच जातीत मुख्यतः दोन रूपे दिसतात : एक काळे, तांबूस शेपटीचे, दुसरे पिवळ्या पट्ट्यांचे, पांढुरक्या शेपटीचे. दोन्ही रूपे वेगवेगळ्या बंबलबींसारखी दिसतात. भारतात बंबलबी मुख्यतः हिमालयाच्या परिसरात असतात. महाराष्ट्राच्या बागांत मधमाशी व गांधीलमाशी यांच्यासारख्या दिसणाऱ्या सिर्फिड माश्याच पाहावयास मिळतात. आपल्याकडील मोठा काळा भुंगा मात्र मधमाश्यांच्याच कुळातील असून त्याची मादी डंख करू शकते.

ओळख पटविण्यासाठी पुढील खुणा पाहाव्यात.

1. पंख : माशीस दोन, मधमाशीस चार. मधमाशीचे पुढचे व मागचे पंख उडताना एकमेकांत अडकलेले असतात. म्हणून दुरून मोजताना फसगत होते.

2. मिशा : सिर्फिड माशीच्या मिशा बहुधा आखूड असतात, मधमाशीच्या लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

3. डोळे : माशीचे डोळे मोठे असून बहुतेक डोके व्यापतात. नराचे डोळे बहुधा माथ्यावर एकमेकांस भिडतात.

4. पाय : मागील पायांवर परागाचा गोळा दिसला, तर ती मधमाशीच. परंतु गोळा दिसला नाही म्हणून ती माशीच, असे ठरत नाही.

5. उडणे : सिर्फिड माशी हवेत एका जागी स्थिर राहते, क्षणात बाजूला सरकते आणि पुन्हा स्थिरावते. काही भुंगेही असे तरंगतात, म्हणून ही एकच खूण पुरेशी मानू नये.

चौथ्या खुणेतील तर्क मुलांकडून नीट वदवून घ्यावा. एका खुणेवरून घाईने निर्णय न करता दोन-तीन खुणा जुळवून पाहणे, हेच या पाठाचे खरे फळ होय.

निरीक्षणाच्या वेळी मुलांनी हातभर अंतरावर शांत बसावे. ओळख पटली तरी कीटकास हात लावू नये. ‘ही चावत नाही’ या आत्मविश्वासाने एखादे मूल उद्या खरी मधमाशी पकडील. बारीक तपासणीसाठी खिडकीशी मरून पडलेले कीटक भिंगाखाली ठेवावेत. कोणास मधमाशी चावलीच, तर काटा ताबडतोब काढावा. श्वास लागणे, चेहरा सुजणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

मुलाची ओळख चुकली तर त्यास हसू नये. मेलेल्या बैलापासून मधमाश्या जन्मतात, असे प्राचीन भूमध्य प्रदेशात विद्वानही मानीत. कुजक्या, ओल्या घाणीत वाढणाऱ्या मधमाशीसदृश सिर्फिड माश्यांमुळे हा समज झाला असावा, असा उलगडा ओस्टेन-झाकेन या कीटकशास्त्रज्ञाने 1894 मध्ये केला. शतकानुशतके जेथे मोठे चुकले, तेथे तिसरीतले मूल चुकणारच. त्याने “गुरुजी, पुन्हा पाहू का?” असे विचारले, की पाठ साधला असे समजावे.