जुन्या बाहुल्या, नवा खेळ

मुलांनो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ तुम्ही पाहिला असेलच. इंग्लंडमध्ये १९६५ साली ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. संकटग्रस्तांना वाचविणारे पाच भाऊ हे तिचे नायक. बारीक तारांवर नाचणाऱ्या या बाहुल्यांचे ओठ ध्वनिमुद्रित आवाजासरशी विजेच्या योगाने हालत. परंतु त्यांना नीट चालता येत नसे.

५० वर्षांनी, २०१५ मध्ये, ही कथा नव्या पिढीपुढे आली. पात्रे संगणकावर घडविल्यामुळे ती सहज धावू लागली. देखाव्यांच्या लहान प्रतिकृती मात्र हातांनीच केल्या. त्याच सुमारास चाहत्यांच्या वर्गणीतून, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे, बाहुल्यांचे तीन नवे भागही तयार झाले. साधने बदलली, तरी परक्याच्या हाकेस धावून जाणे हा कथेचा प्राण कायम राहिला. जुन्याचे जतन करताना हा प्राण आधी ओळखावा लागतो.