मुंबई ते लंडन : किती दूर, किती तास?

गेल्या जूनमध्ये आमच्या गटातल्या एका मावशींची लेक नर्सच्या नोकरीसाठी लंडनला गेली. तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून निघणार दुपारी १ वाजता, लंडनला पोचणार संध्याकाळी ६.३० वाजता. मावशींनी बोटांवर हिशेब केला, साडेपाच तास. सात वाजले, आठ वाजले, फोन नाही. नऊ वाजता त्या रडतच माझ्या दारात आल्या. "ताई, विमानाचं काही बरंवाईट तर झालं नसेल ना?"

विमान तेव्हा आकाशातच होतं, अगदी वेळेवर. चुकला होता तो हिशेब, आणि तो कुणाचाही चुकेल.

तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावची. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे सूर्य आपल्याकडे आधी येतो, लंडनला नंतर. म्हणून लंडनचं घड्याळ आपल्या मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथले लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. त्या काळात फरक साडेचार तासांचा.

आता मावशींचा हिशेब पुन्हा करू. लंडनचे संध्याकाळचे साडेसहा, त्यात साडेचार मिळवा. आपल्याकडे रात्रीचे अकरा. दुपारी एक ते रात्री अकरा म्हणजे प्रवास दहा तासांचा!

दहा तास का लागतात? मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. मुंबई ते नागपूर रेल्वेने जेवढं, त्याच्या आठ-नऊ पट. मोठं विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातं. पण कुठे युद्ध असलं, कुठल्या देशाने आकाश बंद केलं, की वळसा पडतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात, येताना पाठीवर. म्हणून परतीचा प्रवास बहुधा तासभर कमी लागतो.

विमान उतरलं की लगेच फोन येईल असंही नाही. पासपोर्ट तपासणीची रांग, मग सामान, यात एक-दोन तास सहज जातात. वाटेत विमान बदलायचं असेल तर मधला थांबाही धरा.

तेव्हा मुलं निघण्याआधीच त्यांना विचारा, "आपल्या घड्याळात तू किती वाजता पोचशील?" ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. मावशींच्या लेकीचा फोन त्या रात्री साडेबाराला आला. तोवर आम्ही दोघी जाग्याच होतो. तुमच्यावर तशी रात्र काढायची वेळ येऊ नये, म्हणून हे सांगितलं.