जुन्या बुलेटला नवा रंग देताना

पाड्यापाड्यांवर फिरणारे शिक्षक, परिचारिका आणि कार्यकर्ते यांच्यापैकी काहींकडे आजही वीस-पंचवीस वर्षांची बुलेट चालू स्थितीत आढळते. इंजिन ठीक असते, पण टाकीवरचा रंग फुगलेला, मडगार्डच्या कडा गंजलेल्या आणि टाकीवरचा मोनोग्राम एकाच स्क्रूवर लोंबकळत असतो. अशी गाडी पुन्हा चांगली करता येते. आपल्या भागातले अनेक तरुण तालुक्याच्या गावी किंवा सुरतेकडे डेंटिंग-पेंटिंगचे काम शिकायला जातात. त्यांनाही उपयोगी पडेल म्हणून हे काम क्रमाने समजावून सांगत आहे. इंजिनाचा विषय येथे घेतलेला नाही. जुना रंग काढणे, नवा रंग देणे आणि मोनोग्राम, रबरी पॅड, पट्ट्या पुन्हा बसवणे, एवढाच विषय आहे.

या कामात दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. पहिली म्हणजे पत्रा. रंग टिकणार की नाही, हे फवारणीच्या आधीच ठरलेले असते. दुसरी म्हणजे काम करणाऱ्याची छाती. रंगाची धूळ आणि वाफ दिसत नाही, पण शरीरात जाते. पहिल्या गोष्टीत चूक झाली तर पैसे जातात. दुसरीत झाली तर ती भरून येत नाही.

आधी मोजा, मग सोडवा

बरेच जण मोनोग्राम आणि रबरी पॅड जागेवरच ठेवतात, भोवती चिकटपट्टी लावतात आणि रंग मारून घेतात. असे करू नये. पावसाचे पाणी आणि चिखल नेमके या भागांच्या मागे अडकतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. वरून रंग दिला तर आतला गंज वाढतच राहतो आणि वर्षभरात कडेने फोड येतात. म्हणून सगळे सुटे भाग काढलेच पाहिजेत.

काढण्याआधी टाकीचे दोन्ही बाजूंनी, समोरून आणि वरून फोटो घ्यावेत. टाकीच्या खालच्या कडेपासून मोनोग्रामच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. टाकीवर सोनेरी रेघा असतील तर त्यावर पातळ बटर पेपर ठेवून पेन्सिलीने त्यांचा आकार उतरवून घ्यावा. बुलेटच्या टाकीवरच्या या रेघा चेन्नईच्या कारखान्यात ब्रशने, हाताने ओढल्या जात आल्या आहेत. त्यामुळे दोन गाड्यांच्या रेघा तंतोतंत सारख्या नसतात. आपल्या गाडीची रेघ पुन्हा हवी असेल तर तिचा नमुना आपल्याच टाकीवरून घ्यावा लागतो.

बऱ्याच जुन्या बुलेटवर मोनोग्राम लहान स्क्रूंनी बसवलेला असतो. ते स्क्रू गंजून अडकलेले असतात. त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे आणि खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस वापरावा. सैल पेचकसाने खाच एकदा झिजली की स्क्रू छिद्र पाडून काढावा लागतो. चिकटवलेला भाग असेल तर गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर काही मिनिटे ठेवावे आणि मागून मासेमारीचा नायलॉनचा धागा करवतीसारखा ओढावा. पेचकस खुपसून उचकटल्यास पत्र्याला पोचा येतो आणि मोनोग्रामही वाकतो.

प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवून वर नाव लिहावे. डावा आणि उजवा मोनोग्राम सारखे दिसले तरी त्यांचा बाक उलटा असतो, म्हणून त्यांच्या मागेही खूण करावी.

रिकामी टाकी जास्त धोक्याची

टाकी उतरवताना पेट्रोल पूर्ण काढून घ्यावे, पण टाकी रिकामी झाली म्हणजे धोका संपला असे मानू नये. पेट जास्त करून वाफ घेते, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून हे काम उघड्यावर, घरापासून लांब करावे. टाकी गळत असेल तर गावात वेल्डिंग करून घेऊ नये. पाण्याने विसळलेल्या टाकीतही वाफ उरते आणि स्फोट होऊ शकतो. टाक्यांचे काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडेच ती द्यावी.

जुना रंग काढणे

प्रथम साबणाच्या पाण्याने तेल आणि ग्रीस धुऊन काढावे. तेलकट पत्रा तसाच घासला तर तेल ओरखड्यांत शिरते आणि नवा रंग तेथे धरत नाही.

रंग काढण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली पेंट रिमूव्हरची. तो लावला की रंग सुरकुततो आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडता येतो. काही रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. त्याची वाफ बंद खोलीत साचली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, प्राणही जाऊ शकतो. त्यामुळे हे काम वारा खेळता असेल तेथेच करावे. कास्टिक सोड्याने लोखंडावरचा रंग निघतो, पण ॲल्युमिनियमचा भाग त्यात कधीही टाकू नये, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो.

दुसरी पद्धत हाताने घासण्याची. हिला वेळ लागतो, पण शिकणाऱ्यासाठी हीच उत्तम. ८० नंबरच्या कागदाने सुरुवात करून १८० वर यावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो नियम घराच्या रंगांपुरता आहे, आणि आपली गाडी तर त्याहूनही जुनी. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. म्हणून जुना रंग कागद पाण्यात भिजवूनच घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. मुलांना जवळ येऊ देऊ नये. काम झाल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये आणि कपडे वेगळे धुवावेत. जुना रंग जाळून काढू नये. खरवडलेला कचरा पिशवीत बांधून ठेवावा, ओढ्यात किंवा शेतात टाकू नये.

तिसरी पद्धत वाळूच्या माऱ्याची, म्हणजे सँड ब्लास्टिंगची. टाकीचा पत्रा पातळ असतो, जोराच्या माऱ्याने तो वेडावाकडा होतो आणि वाळू टाकीच्या आतही जाते. पण याहून मोठे कारण माणसाचे आहे. साध्या वाळूची बारीक धूळ छातीत गेली की सिलिकोसिस होतो. नर्मदेपलीकडच्या अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले कितीतरी आदिवासी मजूर गोधरा परिसरात दगड दळण्याच्या कामाला गेले आणि ही धूळ छातीत घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांची कैफियत गेली. या रोगावर औषध नाही. म्हणून आपल्या मुलांना नदीच्या वाळूचा मारा करण्याचे काम कोणी सांगितले तर त्यांनी स्पष्ट नकार द्यावा.

पत्रा तयार करणे

उघडा पत्रा पावसाळी हवेत काही तासांतच तांबूस होतो. ज्या दिवशी रंग निघेल त्याच दिवशी प्रायमर द्यायचा, असे ठरवूनच काम सुरू करावे. उरलेल्या गंजाच्या ठिपक्यांवर गंज मारणारे द्रावण लावून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून किंवा धुऊन, पत्रा पूर्ण कोरडा करावा.

पोचे पुटीने भरतात. पुटी पातळ थरांत द्यावी, एकाच वेळी जाड थर देऊ नये. नंतर तो तडकतो. येथे एक फरक लक्षात ठेवावा. जुना रंग ओला घासायचा, पण पुटी कोरडी घासायची. पुटी पाणी शोषते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड आणते. कोरडे घासताना नाकावर धुळीचा चांगला मास्क हवा. नुसता रुमाल पुरत नाही.

मोनोग्रामच्या स्क्रूंची भोके या वेळी बुजतात. प्रत्येक भोकात काडी किंवा जुना स्क्रू घालून ठेवावा. पुटी किंवा रंग भोकात गेला तर शेवटी स्क्रू जोर लावून फिरवावा लागतो आणि नव्या रंगाला तडा जातो. पॅडमागची जागा दिसणार नसली तरी तिलाही प्रायमर आणि रंग पूर्ण द्यावा. गंज तेथेच लागतो, हे वर पाहिलेच आहे.

चौकटीवरच्या चॅसिस क्रमांकावर पुटी अजिबात जाऊ देऊ नये. गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्या वेळी हा क्रमांक तपासतात. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो. काळ्याची लाल करायची असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे.

फवारणी

दव उडून गेल्यावर, ऊन असताना आणि वारा नसताना फवारणी करावी. दमट हवेत साध्या लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते. प्रायमर ४०० नंबरच्या कागदाने घासून, पुसून घ्यावा. स्प्रे गन पत्र्यापासून साधारण एक वीत दूर ठेवावी. हात गोल न फिरवता पत्र्याला समांतर न्यावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवावा. पातळ थर द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग दुसरा द्यावा. एकदम जाड थर दिला की रंग ओघळतो.

कोणता रंग वापरायचा, हा प्रश्न टाकीपुरता महत्त्वाचा आहे. साधा लॅकर पेट्रोल सांडले की विरघळतो. झाकणाभोवतीचा उडालेला रंग आपण नेहमी पाहतो, तो यामुळेच. हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेनचा रंग पेट्रोलला टिकतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचणारी खोली लागते. म्हणून माझे सांगणे असे की, मडगार्ड आणि टूलबॉक्स साध्या रंगाने आपण रंगवावेत. टाकी घासून, पुटी-प्रायमर करून तयार करावी आणि तिचा शेवटचा रंग अशी सोय असलेल्या वर्कशॉपमध्ये मारून घ्यावा. खर्च थोडा वाढतो, पण मेहनतीचा मोठा भाग आपणच केलेला असतो.

सुटे भाग पुन्हा बसवणे

रंग बोटाला लागत नाही म्हणजे तो वाळला, असे नाही. वरचा थर कोरडा असला तरी आत थिनर असतो. अशा वेळी मोनोग्राम कसला तर त्याखाली रंग दबतो आणि कडेला सुरकुती पडते. डब्यावर दिलेला काळ पूर्ण होऊ द्यावा. हवेवर वाळणाऱ्या साध्या रंगाला आठवडे लागू शकतात. न दिसणाऱ्या जागी नख दाबून पाहावे. खूण उमटली तर अजून थांबावे.

दरम्यान सुटे भाग साफ करावेत. क्रोम साबणाने धुऊन मऊ फडक्याने पुसावे. त्यावर सँडपेपर चालवू नये, कारण क्रोमचा थर फार पातळ असतो. कडक होऊन तडकलेले पॅड बदलावेत.

बसवताना वहीतल्या मापाप्रमाणे टाकीवर मास्किंग टेपची सरळ पट्टी लावावी आणि मोनोग्राम तिच्यावर टेकवून पाहावा. दोन्ही बाजू जुळतात का, हे समोरून चार पावले मागे जाऊन बघावे. मग मोनोग्राममागे पातळ रबरी वॉशर ठेवून, भोकात किंचित ग्रीस लावून, न गंजणारे स्टीलचे स्क्रू हातानेच फिरवावेत. एक पूर्ण आवळून मग दुसरा असे न करता दोन्ही थोडे थोडे आवळावेत. रबर जेमतेम दबले की थांबावे. चिकटवायच्या पट्टीसाठी दुहेरी फोम टेप वापरावी आणि पहिला दिवसभर तिला पाणी लागू देऊ नये.

शेवटी दोन गोष्टी तपासाव्यात. रंगातून वीज जात नाही. अर्थची वायर जेथे चौकटीला लागते तेथला रंग थोडा खरवडला नाही तर दिवा मंद लागतो आणि हॉर्न वाजत नाही. दुसरी नंबर प्लेटची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे. तिचे लॉक एकदा काढले की पुन्हा बसत नाही. प्लेट आधीच लागली असेल तर ती तिच्या पट्टीसकटच उतरवावी.

पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने टाकीपासून सुरुवात करू नये. टूलबॉक्सचे झाकण घ्यावे. ते लहान आहे आणि त्यात पेट्रोल नाही. घासणे, प्रायमर, रंग आणि स्क्रू, सगळे टप्पे त्यावर करून पाहता येतात. बिघडले तर पुन्हा घासून नव्याने करता येते. दोन झाकणे नीट जमली की मडगार्ड घ्यावे, आणि टाकी सर्वांत शेवटी.