पूर कुणी सोडला?

सांगली-कोल्हापूरकडं कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर पडल्या की दोन दिवसांत एक वाक्य सगळीकडं ऐकू येतं: ‘पाणी सोडलंय.’ कुणी म्हणतं कोयनेतून, कुणी म्हणतं राधानगरीतून. दोन्हीकडं बोट दाखवता आलं नाही, तर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणवाल्यांनी अडवून धरलंय. म्हणजे वरच्यानं सोडलं किंवा खालच्यानं अडवलं. पाऊस, नदी आणि आपण स्वतः, या तिघांची नावं आरोपींच्या यादीत सहसा नसतात.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज असा, की धरण थोडं रिकामं ठेवलं असतं तर पूर आलाच नसता. यात तथ्य आहे, पण ते किती हे आकड्यांनीच कळतं. इथं टीएमसी आणि क्युसेक यांची गल्लत होते. टीएमसी हे टाकीतल्या पाण्याचं माप, क्युसेक हे नळाच्या धारेचं. धरणात एक लाख क्युसेकनं पाणी येत असेल, तर दिवसभरात 8.64 टीएमसी जमा होतं. म्हणजे 10 टीएमसी जागा मुद्दाम मोकळी ठेवली आणि दरवाजे पूर्ण बंद ठेवले, तरी ती सुमारे 28 तासांत भरते. त्याच वेळी खाली 40 हजार क्युसेक सोडत राहिलं, तर हीच जागा 46 तास पुरते. पुराचा कळस कापायला हे 46 तास सोन्याच्या मोलाचे असतात. पण आठवडाभर कोसळणाऱ्या पावसात ते संपतात, आणि मग आलं तेवढं पाणी खाली द्यावंच लागतं. तेव्हा धरणामुळं पूर बहुतेक वेळा लांबतो, थोडा बुटका होतो. नाहीसा होत नाही.

शिवाय मोकळी जागा ठेवायची म्हणजे पुढं पाऊस पडेल यावर पैज लावायची. कोयनेची क्षमता 105 टीएमसीच्या घरात. ऑगस्टात ती मुद्दाम उणी ठेवली आणि पावसानं पाठ फिरवली, तर उन्हाळ्यात वीज आणि सिंचन या दोन्हींचा हिशेब अभियंत्याकडं मागितला जातो. 2018 साली राज्यानं दुष्काळ पाहिला आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी 45 फूट आहे. या दोन वर्षांच्या मधे उभं राहून धरण किती भरावं हे सांगून दाखवा! हवामानाचा अंदाज जितका नेमका, तितकं धरण आधी रिकामं करण्याचं धाडस वाढतं. म्हणून पूर-संशोधनातला बराच भर आता भिंतींपेक्षा अंदाजावर आहे.

राधानगरीची तर गोष्टच निराळी. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. त्यामुळं ‘रात्रीतून गुपचूप दरवाजे उघडले’ या तक्रारीतला गुपचूप माणूस तिथं नसतोच.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुणाच्याच ताब्यात नसतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते. कऱ्हाडला कोयना कृष्णेत येते, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. या प्रत्येकीचं धरणाखालचं मोकळं पाणलोट क्षेत्र आहे. तिथले ओढे थेट नदीत ओततात. सगळ्यांचे कळस मागं-पुढं आले तर नदी सोसते. एकाच वेळी आले तर शिरोळ तालुका पाण्याखाली जातो. पूर जितका पाण्याच्या प्रमाणावर ठरतो, तितकाच वेळेवर.

आता अलमट्टी. या विषयावर बोलताना आवाज चढतो आणि आकडे गायब होतात. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 519.60 मीटर. सांगलीतली महापुराची पातळी याहून 15 मीटरपेक्षा जास्त उंच, आणि दोन्ही ठिकाणांमधलं अंतर सरळ रेषेतही सुमारे दीडशे किलोमीटर. 2019 च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनंही सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचं म्हटलं. अहवाल कर्नाटकचा नव्हे, आपलाच होता, हे विशेष.

पण एवढ्यावर विषय मिटला असं म्हणणाराही चुकतो. धरणाचा फुगवटा टेबलावरच्या पाण्यासारखा सपाट नसतो. वाहत्या नदीत तो चढ घेत मागं सरकतो आणि फुगवट्याच्या टोकाशी गाळ साचत गेला की आणखी मागं जातो. म्हणून नदीचे आडवे छेद दर काही वर्षांनी नव्यानं मोजून, छेदामागून छेद असा हिशेब करावा लागतो. कृष्णा पाणीतंटा लवादानं मान्य केलेली 524.256 मीटरची उंची हा तर वेगळाच प्रश्न. 519.60 चं उत्तर तिथं उचलून चिकटवता येत नाही, आणि ती उंची वाढण्याच्या भीतीपोटी 2019 चा दोषही मागं जाऊन अलमट्टीच्या माथी मारता येत नाही.

‘नदी खोल करा, गाळ काढा’ ही मागणी निवडणुकीत हमखास चालते. पात्रातला झुडपांचा आणि राडारोड्याचा अडथळा काढणं केव्हाही चांगलंच. पण सपाट उताराच्या नदीत दोन-चार किलोमीटर खोदून जो खड्डा होतो, तो पूर येण्याआधीच भरलेला असतो. पाणी किती वेगानं पुढं जाणार हे पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार आणि खालची अरुंद जागा ठरवते. खालचा गळा तसाच असेल, तर वरचं पोट मोठं करून फार फरक पडत नाही. त्यापेक्षा पूरमैदानात आडवे घातलेले रस्त्यांचे भराव पाहा. कोल्हापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग 2019 आणि 2021 मध्ये पाण्याखाली गेला. भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता हवा, ही तिथली मागणी खोदाईपेक्षा मला कितीतरी शहाणपणाची वाटते.

नदीकाठी भिंती बांधण्याबद्दल एकच उदाहरण पुरे. कोसी नदीचे तटबंध साडेनऊ लाख क्युसेकसाठी रचले होते. ऑगस्ट 2008 मध्ये नेपाळात कुसहाजवळ ते फुटले, तेव्हा प्रवाह दीड लाखाच्या आसपास होता.

किनाऱ्यावर हिशेबात समुद्रही येतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. शहराची सरासरी काढणाऱ्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात आणि साफ केलेला नालाही उलटा दाब सोसत उभा राहतो. चिपळूणलाही हेच. दाभोळच्या खाडीतून भरती गोवळकोटपर्यंत चढते. वरून वाशिष्ठीचा लोंढा आणि खालून भरती यांची गाठ पडली की बाजारपेठ बुडते.

या सगळ्याचा अभ्यास होतो कुठं? बराचसा खडकवासल्याला, 1916 साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत. संगणक असताना तिथं नद्यांच्या सिमेंटच्या प्रतिकृती कशाला बांधतात, असं विचारलं जातं. त्यामागचं गणित मोठं देखणं आहे. शंभरास एक प्रमाणाची प्रतिकृती केली, तर वेग दहापट कमी होतो आणि प्रवाह एक लाखपट. एक लाख क्युसेकचा महापूर तिथं एका क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला 28 लिटर पाण्यात उभा राहतो, आणि पुराचा एक दिवस दोन तास चोवीस मिनिटांत सरतो. पुलाच्या खांबाभोवतीचे किंवा सांडव्याखालचे भोवरे असे डोळ्यांनी पाहता येतात. वाळू मात्र शंभरपट बारीक करता येत नाही. तशी केली तर तिचा चिखल होतो आणि ती वाळूसारखी वागत नाही. म्हणून हलकी भुकटी वापरावी लागते. संगणकाचीही अडचण असतेच: त्याला जुने छेद दिले, तर तो जुन्याच नदीचा पूर काढून दाखवतो. दोन्ही साधनं एकमेकांची चूक धरायला लागतात.

शेवटचा समज सगळ्यात महागात पडणारा. ‘शंभर वर्षांचा पूर 2019 ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही.’ शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. तो काल आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. सांगली-कोल्हापूरनं 2019 नंतर दोनच वर्षांत 2021 चा महापूर पाहिला. महाराष्ट्रात पूररेषा दोन. निळी साधारण 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर परवानगी. आता वीस वर्षांचं गृहकर्ज घ्या. लाल रेषेवरच्या घरात त्या मुदतीत पाणी शिरण्याची शक्यता 18 टक्के, निळ्या रेषेवरच्या घरात 56 टक्के. म्हणजे निळ्या रेषेवर घर घेणाऱ्याच्या घरात कर्ज फिटायच्या आत पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे. रेषाही कायमची नसते. भराव, बांधकामं आणि पाऊस बदलला की तीही बदलायला हवी.

नदीकाठचा प्लॉट दाखवायला आलेला माणूस ‘इथं कधी पाणी येत नाही’ असं म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा मागा, त्यावर आपला गट नंबर शोधा आणि तो मिळेपर्यंत विसार देऊ नका.