शॅमेलिऑनचा पिंजरा: आधी प्राणी वाचा, मग जाळी कापा

आठवीत असताना नातेपुत्यात बांधावरच्या बाभळीवर मला एक घोयरा सरडा सापडला. घोयरा म्हणजे आपला भारतीय शॅमेलिऑन. काचेच्या बरणीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली, वाटीत पाणी दिलं. चौथ्या दिवशी तो मेला. घरचे म्हणाले, "त्याचं आयुष्यच तेवढं." संशोधनाकडे वळल्यावर कळलं, माझी बरणीच चुकली होती. कुठे चुकली ते एकेक करून बघू.

पाणी: शॅमेलिऑन साठलेलं पाणी सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. माझा सरडा भरलेल्या वाटीशेजारी तहानलेला राहिला. म्हणून पिंजऱ्यात जास्वंद, मनीप्लँट अशी खरी झाडं लावतात, रोज पाण्याचा फवारा मारतात आणि खाली निचरा ठेवतात.

हवा आणि उंची: हा झाडावरचा प्राणी. त्याला लांबीपेक्षा उंची हवी, आणि काचेपेक्षा जाळी बरी. बंद काचेत हवा कोंडते. शिवाय स्वतःचंच प्रतिबिंब त्याला दुसरा सरडा वाटू शकतं. हा एकलकोंडा जीव, त्यामुळे एका पिंजऱ्यात एकच. येमेनकडच्या 'व्हेल्ड' जातीच्या मोठ्या नरासाठी साधारण २ फूट × २ फूट × ४ फूट जाळीचा पिंजरा वापरतात.

उष्णता: सरडा शरीराचं तापमान जागा बदलून सांभाळतो. त्यामुळे एकच 'योग्य तापमान' देऊन भागत नाही, उतार द्यावा लागतो. व्हेल्डसाठी वरच्या फांदीवर दिव्याखाली ३० अंशांच्या आसपास, खाली २३-२५. माझी बरणी खिडकीत उन्हात होती आणि त्याला सावलीत सरकायला जागाच नव्हती.

किरण: अतिनील-ब किरणांशिवाय त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही, हाडं मऊ पडतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणून खास नळी लागते, आणि ती ठरावीक महिन्यांनी बदलावी लागते. नळी उजेड देत राहते, पण किरण कमी झालेले डोळ्यांना दिसत नाहीत.

आता कायद्याचं. घोयरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. अभ्यासासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. परदेशी शॅमेलिऑन 'साइटीस'च्या यादीत येतात, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. जखमी घोयरा दिसला तर वनखात्याला १९२६ वर फोन करा.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण प्रयोगशाळेतला प्रत्येक पिंजरा, प्रत्येक टाकी म्हणजे त्या प्राण्याबद्दलचं आपलं गृहीतक असतं. 'सरडा वाटीतून पितो' हे माझं गृहीतक होतं, आणि ते मी कधी तपासलंच नाही. गृहीतक चुकलं की प्राणी ताणाखाली जगतो, आणि आपण तो ताण मोजून 'वर्तन' म्हणून लिहून टाकतो.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी एक काम करा. तुमच्या गावाजवळच्या बाभळीखाली, हात न लावता, एक दिवस बसा. घोयरा किती उंचीवर आहे, ऊन किती, सावली कधी धरतो, हे दर तासाला वहीत लिहा. पिंजऱ्याचा आराखडा त्या वहीतूनच निघतो. माझ्याकडे आठवीत बरणी होती, वही नव्हती.