ओळखीच्या जगातील नवे साहस

दिवसभराच्या ओपीडीनंतर चार मित्रांनी एकत्र बसून खेळावा असा एक खेळ आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने त्याचा पाया घातला. एक सूत्रधार प्रसंग मांडतो. इतर जण एकेका पात्राची भूमिका घेऊन आपला निर्णय सांगतात. तो तडीस जाईल की नाही, हे फासे ठरवितात.

सूत्रधाराची खरी कसोटी मात्र खेळापूर्वीच लागते. "या, ही कथा खेळू," हे मित्रांना पटवून द्यावयाचे असते. स्वतः कल्पिलेल्या राज्याच्या वंशावळी सांगत बसल्यास दमलेला श्रोता पेंगू लागतो. म्हणून अनेक सूत्रधार आधीच प्रकाशित झालेल्या विश्वाचा आश्रय घेतात. एड ग्रीनवुड यांचे 'फरगॉटन रेल्म्स' हे खेळविश्व १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील नगरे, दैवते, नकाशे सारे सिद्ध आहे; जाणकारांपुढे एका नगराचे नाव घेताच निम्मे निवेदन संपते.

परंतु पांढुर्णा-सौंसरच्या बैठकीत ते नाव कितीजणांना उमगेल? विश्व नुसते छापलेले असून भागत नाही. ते श्रोत्यांच्या मनात वसलेले असावे लागते. मराठी आणि हिंदी दोन्ही घरांत सारखेच वसलेले असे विश्व म्हणजे महाभारत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आणले, तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही ते समजले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

त्याच विश्वातील एक प्रस्ताव पाहा: "विराटनगरीत कीचकाचे छिन्नविच्छिन्न प्रेत सापडले आहे. तुम्ही राजवैद्य. मृत्यूचे कारण सूर्योदयापूर्वी राजास सांगावयाचे आहे." एवढ्याने खेळ सुरू होतो. हे बळ भीमाचेच, हे खेळणाऱ्यास ठाऊक असते, राजवैद्यास नसते. सत्य उघड झाले तर अज्ञातवास भंगेल, असत्य सांगितले तर वैद्यधर्म. रुग्णाचे गुपित आणि शासनाचा दाखला यांच्यामध्ये उभे राहिलेल्या प्रत्येक डॉक्टरास हा पेच परका वाटणार नाही.

येथे एक पथ्य पाळावे. भीम किंवा अर्जुन यांच्या भूमिका वाटू नयेत. त्यांचा शेवट ठरलेला असतो. मूळ कथेने ज्याचे उत्तर दिलेले नाही, असाच प्रश्न निवडावा.

दुसरे पथ्य मालकीचे. प्रकाशित विश्वात घरी खुशाल खेळावे. त्यावरील कथा छापून विकावयाची तर प्रकाशकाची अनुज्ञा लागते. जिवंत विश्वालाही धनी असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणारी पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार येथील प्रत्येकाच्या परिचयाची आहे. दगड न उचलता झेंड्याचा मान कसा राखावा, हा प्रश्न खेळातून तरुणांपुढे ठेवता येईल. मात्र ज्यांच्या घरचा माणूस तेथे जायबंदी झाला, त्यांना आधी विचारावे. कोणाची कोणती जखम अद्याप ओली आहे, हे डॉक्टरांहून अधिक कोणास ठाऊक असणार?