मुदतीचा पट्टा

गव्हाणच्या माणसाला पट्टा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत शेजारच्या उरण तालुक्यात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे जे भूखंड पदरात पडले तेही सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. त्यामुळे वाटप, मुदत, हस्तांतरण हे शब्द या बाजूस वकिलाच्या कचेरीइतकेच पारावरही ऐकू येतात. म्हणूनच येथील एका अभ्यासिकेतील संगणकांचे जाळे जोडून देण्याचे काम मजकडे आले, तेव्हा डीएचसीपी सर्व्हरची ओळख करून देताना, 'हा आकड्यांचे पट्टे देणारा कारकून आहे' एवढेच मी म्हणालो, आणि अभ्यासिका चालविणाऱ्या काकांनी लागलीच विचारले, 'मुदत किती?'

प्रश्न मर्मावरचा होता. मी मात्र तो हसण्यावारी नेला.

जाळ्यातील प्रत्येक यंत्रास स्वतःचा आयपी पत्ता लागतो, आणि एकच पत्ता दोघांस गेला की दोघांचाही व्यवहार अडतो. पूर्वी हे पत्ते व्यवस्थापक हाताने भरीत असे. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी मांडलेल्या बूटपी या पद्धतीने ते काम सर्व्हरकडे सोपविले खरे, परंतु कोणत्या यंत्रास कोणता पत्ता याची यादी माणसानेच आधी करून ठेवायची, आणि एकदा दिलेला पत्ता परत घेण्याची सोय त्यात नव्हती. ती उणीव १९९३ च्या डीएचसीपीने भरून काढली. राल्फ ड्रोम्स यांनी संपादिलेली तिची १९९७ ची संहिता आजही आधारभूत मानली जाते. पत्ता द्यावा, पण मुदतीने द्यावा, ही या पद्धतीतील खरी बुद्धी, असे मला वाटते.

व्यवहार चार पावलांचा. नवे यंत्र जाळ्यात दाखल होताच दवंडी पिटते: मला पत्ता देणारे कोणी आहे काय? सर्व्हर एक पत्ता देऊ करतो; यंत्र तो मागून घेते, आणि ही मागणीही दवंडीनेच करते, कारण दुसऱ्या एखाद्या सर्व्हरनेही देकार दिला असल्यास आपला नाकारला गेला हे त्यास कळावे; शेवटी सर्व्हर मंजुरी देऊन नोंद दप्तरी ठेवतो. त्याच पाकिटात बाहेर पडण्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे, आणि नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस यांचीही माहिती असते. अर्धी मुदत सरली की यंत्र त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागते. सात-अष्टमांश सरूनही उत्तर नसेल तर पुन्हा दवंडी. आणि मुदत संपली की पत्ता निमूटपणे सोडते.

अभ्यासिकेत एका जुन्या संगणकावर मी 'किया' हा डीएचसीपी सर्व्हर बसविला. तो बनविणाऱ्या संस्थेच्याच जुन्या डीएचसीपीडी या सर्व्हरची देखभाल २०२२ सालीच थांबली आहे. वाटपासाठी १९२.१६८.१०.१०० ते १५० असे एक्कावन्न पत्ते राखले, गेटवे १९२.१६८.१०.१ लिहिला, आणि मुदतीच्या ओळीत ६९१२०० हा आकडा घातला. हे सेकंद, म्हणजे आठ दिवस. खुर्च्या तीस, तेव्हा एक्कावन्न पुष्कळ झाले, असा माझा हिशेब.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुले तक्रार घेऊन आली. कुणाचा फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' याच अक्षरांवर थिजलेला, तर कुणाच्या लॅपटॉपने निरुपायाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतलेला, ज्याने बाहेरचे काहीच उघडत नाही. दप्तर काढून पाहिले तो एक्कावन्नही पट्टे लागलेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक धारक त्या वेळी अभ्यासिकेत हजरही नव्हते. सकाळची तुकडी दुपारी जाई, दुपारची संध्याकाळी, प्रत्येकाबरोबर एक फोन आणि पुष्कळदा एक लॅपटॉप. मी खुर्च्या मोजल्या होत्या, येणारी-जाणारी माणसे मोजली नव्हती. काका शेजारी उभे होते. 'जागा अडवून ठेवलीय, राहत कोणी नाही,' एवढेच ते म्हणाले. गावात असे कोरे भूखंड त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत.

मुदत आता १४४०० सेकंदांची, म्हणजे चार तासांची आहे. प्रिंटर तेवढा वाटपाबाहेर, १९२.१६८.१०.२० वर, त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या मूळ ओळखक्रमांकावरून, कायम राखून ठेवलेला आहे. अभ्यासिकेतला तो एकटाच वतनदार.